धंदा तिचा, नांव कोणाचें ?

अपंग स्त्रीविषयीं बोलावयाचें म्हटलें म्हणजे वक्त्याचा आवाज आपोआप मऊ होतो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें एकादा आश्रम, मेणबत्त्यांची रांग, कागदी पिशव्यांचा ढीग उभा राहतो, आणि 'एवढें तरी करते बिचारी' हे शब्द ओठांवर येतात. आज मी त्या आवाजांत बोलणार नाहीं. आजचा विषय हिशेबाचा आहे, कागदपत्रांचा आहे, आणि थोडासा आपल्याच घरांतल्या कपाटांत ठेवलेल्या दस्तऐवजांचाही आहे. अपंग स्त्रीनें धंदा करावा कीं नाहीं, हा प्रश्न मी विचारीतच नाहीं. पुष्कळ जणी तो करीतच असतात. प्रश्न असा आहे कीं, तिनें चालविलेल्या धंद्यावर पाटी कोणाच्या नांवाची असते, आलेला पैसा कोणाच्या खात्यांत जातो, आणि उद्यां भांडण झालें तर दुकानाची किल्ली कोणाच्या हातीं राहते.

आधीं आंकडे, आणि तेही थोडक्यांत. २०११ च्या शिरगणतींत भारतांत सुमारें २ कोटि ६८ लाख अपंग व्यक्ति नोंदल्या गेल्या. त्यांत स्त्रिया १ कोटि १८ लाखांच्या आसपास होत्या. अपंग पुरुषांत काम करणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा ४७ होतें, स्त्रियांत तें शेंकडा २३ होतें. साक्षरता पुरुषांत शेंकडा ६२, स्त्रियांत शेंकडा ४५. व्यंग सारखेंच असलें तरी तें मुलाला आलें तर घर त्याला शाळेंत पोंचविण्याची खटपट करतें, आणि मुलीला आलें तर तिला माजघरांत एक कोपरा मिळतो, असाच या आंकड्यांचा अर्थ मला लागतो. शिवाय दिवसभर घरांत बसून पापड लाटणारी, भावाच्या दुकानाचा माल पुड्यांत भरणारी, शिंप्याकडून आलेल्या कपड्यांना गुंड्या लावणारी जी बाई, ती या तेविसांत बहुधा धरलेलीच नसते. कारण 'तुमच्याकडे ती काय करते?' असें विचारिलें तर घरचीं माणसें 'कांहीं नाहीं, घरींच असते' असें सांगून मोकळीं होतात.

सरकारी कागदांत हल्लीं 'दिव्यांग' हा शब्द आहे. ज्याला जो शब्द रुचेल तो त्यानें वापरावा. परंतु शब्द बदलला आणि सातबाऱ्याचा उतारा होता तसाच राहिला, तर तिच्या पदरांत काय पडलें, एवढें मात्र विचारावेंसें वाटतें.

हुन्नर शिकविण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाहीं. मुंबईंत १९०० सालीं अमेरिकन मिशनच्या अॅना मिलर्ड यांनीं अंध मुलांसाठीं शाळा काढली. पुण्यांत १९३४ सालीं डॉ. शंकरराव माचवे यांनीं अंधांच्या शिक्षणाची संस्था उभी केली. १९४७ सालीं फातिमा इस्माईल यांनीं मुंबईंत पोलिओनें पांगळ्या झालेल्या मुलांच्या उपचारांची सोय केली; त्यांच्या स्वतःच्या मुलीलाच तो आजार झाला होता. पुढें अशा अनेक संस्थांतून वेत विणणें, शिवण, विणकाम हे उद्योग शिकविले गेले. हें काम लहान नव्हे. परंतु शिकलेला हुन्नर आणि उभा राहिलेला धंदा यांच्यामध्यें मोठें अंतर असतें, आणि तें अंतर देणगीनें तुटत नाहीं.

शिवणयंत्राचेंच उदाहरण घ्या. अपंग स्त्रीला मदत करावयाची म्हटली कीं पुष्कळ मंडळांना पहिल्यानें शिवणयंत्रच सुचतें. समारंभ होतो, हार पडतात, छायाचित्र निघतें. यंत्र असतें पायानें चालवावयाचें, आणि जिला तें मिळालें तिचे पाय लहानपणींच पोलिओनें लुळे झालेले असावेत, यांत कोणालाच विसंगति दिसत नाहीं. मग यंत्र भावजय चालविते आणि ही शेजारीं बसून हातशिलाई घालते. त्याच यंत्राला लहानशी विजेची मोटर बसविली, तिची कळ कोपरानें दाबतां येईल अशी करून दिली, आणि टेबलाची उंची चाकाच्या खुर्चीशीं जुळवून घेतली, तर तें तिचें यंत्र होतें. याला लागणारा खर्च यंत्राच्या मानानें फारसा नसतो. त्यासाठीं यंत्र विकत घेण्यापूर्वीं एकदां तिला विचारावें लागतें, 'बाई, तुम्ही हें कसें चालविणार?'

काम कोणतें निवडावें, याविषयींची आपली कल्पनाही फार तोकडी आहे. जर्मनींत डुइसबुर्ग येथील फ्रांक होफमान या स्त्रीरोगतज्ज्ञानें अंध स्त्रियांना स्तनांतील गांठ बोटांनीं शोधण्याचें रीतसर शिक्षण देण्याची पद्धति बसविली. पुढें दिल्लींतील अंध स्त्रियांच्या एका केंद्रांतही हें शिक्षण सुरू झालें. बोटांच्या ज्या सूक्ष्म जाणिवेला आपण पिढ्यानुपिढ्या खुर्चीच्या वेतापलीकडे काम दिलें नाहीं, ती रुग्णालयांत अशी मोलाची ठरली.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतें. धंद्याला भांडवल लागतें, आणि आपल्याकडे भांडवलाचा मूळ झरा म्हणजे वडिलोपार्जित घर, शेत किंवा दुकानाचा गाळा. अपंग स्त्रीचा धंदा पुष्कळदां या झऱ्यापाशींच अडतो. जुन्या हिंदु धर्मशास्त्रांत जन्मांध, जन्मबधिर, पंगु अशांना वारसा नव्हता. त्यांना अन्नवस्त्र मात्र द्यावें, असा नियम होता. वांटा नाहीं, पोटगी आहे. इंग्रजी अमदानींतील न्यायालयांतही हाच नियम चालू राहिला. १९२८ सालीं कायदा होऊन तो मोडला. मात्र जन्मापासून वेडसर किंवा मतिमंद असणाऱ्यांना त्याचा लाभ दिला गेला नाहीं. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्याच्या २८ व्या कलमानें हा अपवादही नाहींसा केला: रोग, व्यंग किंवा विकृति या कारणासाठीं कोणाचाही वारसा बुडत नाहीं. एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीला जन्मानें हक्क महाराष्ट्रानें १९९४ सालीं कांहीं मर्यादा ठेवून दिला, आणि २००५ सालीं तो सर्व देशांत लागू झाला. तेव्हां पुस्तकांतल्या कायद्यानें अपंग मुलीपुढचे दोन्ही अडसर काढलेले आहेत, मुलगी असण्याचा आणि अपंग असण्याचा.

घरांत काय होतें? वडील वारतात. वारसांची नोंद होते, आणि थोड्याच दिवसांत बहिणींपुढें हक्कसोडपत्र येतें. लग्न झालेली बहीण निदान दोन दिवस विचार करते, सासरीं बोलते, क्वचित् नकारही देते. अपंग आणि अविवाहित बहीण भावाच्याच घरांत राहात असते. तिनें नकार देणें म्हणजे ज्या छपराखालीं निजावयाचें त्याच्याशींच वांकडें घेणें. भाऊ दुष्ट असतो असें नव्हे. तो अगदीं मनापासून म्हणतो, 'ताई, तुला कशाला हवा कागद? आम्ही आहोंत ना तुझें करायला!' १९२८ पूर्वींचा नियम याहून निराळा काय होता? वांटा नाहीं, पोटगी आहे. फरक इतकाच कीं, आतां त्याखालीं तिची सही असते. दुय्यम निबंधकापुढें नोंदलेला असा दस्त सहजासहजीं परत फिरत नाहीं. दडपण किंवा फसवणूक झाली असें म्हणावयाचें तर तें न्यायालयांत शाबीत करावें लागतें. पंधरा-वीस वर्षांनीं भाच्यांचें राज्य येतें, तेव्हां 'आम्ही आहोंत ना' यांतल्या 'आम्ही'पैकीं कोण उरलेलें असतें, हें ज्याचें त्यानें आपल्या घरापुरतें पाहावें. हें मी सुशिक्षित आणि बऱ्या स्थितींतल्या घरांविषयीं बोलत आहें. जेथें मिळकतच नाहीं, तेथें हक्कसोडपत्रही नाहीं.

२०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलांत आला. त्याच्या १३ व्या कलमाप्रमाणें अपंग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनें स्थावर-जंगम मिळकत धारण करण्याचा व वारशानें घेण्याचा, आपला पैशाचा कारभार आपण पाहण्याचा, आणि बँकेचें कर्ज, गहाण वगैरे सोयी मिळविण्याचा हक्क आहे. त्याच कलमांत एक तरतूद अशी आहे कीं, ती घरोघर वाचून दाखवावी. अपंग व्यक्तीला एकाद्या आर्थिक व्यवहारांत मदत करणाऱ्या माणसाचें हित तिच्या हिताच्या विरुद्ध जात असेल, तर त्या व्यवहारापुरतें त्यानें मदतनीस या नात्यानें दूर राहिलें पाहिजे. केवळ रक्ताचें नातें आहे म्हणून असा विरोध गृहीत धरावयाचा नाहीं, हेंही कायद्यानें सांगितलें आहे, आणि तें योग्यच आहे. सगळे भाऊ कांहीं वैरी नसतात. परंतु ज्या दस्तानें भावाला बहिणीचा वांटा मिळावयाचा, तो दस्त अंध बहिणीला वाचून दाखविणारा तोच भाऊ असावा काय? कर्णबधिर बहिणीला खुणांच्या भाषेंत मजकूर समजावून सांगणारी भावजयच असावी काय? अशा वेळीं वाचणारा, समजावणारा माणूस बाहेरचा असावा. तिचा स्वतःचा वकील असेल तर फारच उत्तम.

मानसिक आजार असलेल्या किंवा बुद्धीनें मंद समजल्या गेलेल्या स्त्रीच्या बाबतींत घरचे लोक लगेच पालक नेमण्याची गोष्ट काढतात. या कायद्यांतील पालकत्व मर्यादित आहे: एका ठराविक निर्णयापुरतें, ठराविक मुदतीपुरतें, आणि तिच्या इच्छेला धरून. तिच्याऐवजीं बोलणारा नव्हे, तर तिच्याबरोबर बसून ठरविणारा पालक त्यांत अभिप्रेत आहे.

वांट्यानंतर खातें. पुष्कळ घरांत अपंग मुलीच्या नांवानें बँकेंत खातें असतें, पण पासबुक वडिलांच्या पेटींत आणि एटीएमचें कार्ड भावाच्या पाकिटांत. अशा खात्यानें धंदा होत नाहीं. अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज, क्रेडिट कार्ड या सोयी कोणताही भेदभाव न करतां द्याव्यात, असें रिझर्व्ह बँकेनें २००८ सालीं सर्व बँकांना कळविलें आहे. तरीही खिडकीपलीकडचा कारकून 'सोबत कोणी आहे का?' असें विचारतो, आणि मग सोबतच्या माणसाकडे पाहूनच सारें बोलतो. त्याला त्या सूचनेची आठवण देण्यास संकोच करूं नये. नोटा ओळखण्यासाठीं रिझर्व्ह बँकेनें २०२० सालीं 'मनी' नांवाचें एक साधन मोबाइल फोनवर आणलें. पुढें धरलेल्या नोटेची किंमत तें बोलून सांगतें. गल्ल्यावर बसणाऱ्या अंध बाईला एवढीशी सोयसुद्धां केवढा आधार देते, हें सांगावयास नको.

नव्या काळांत अडचणीही नव्या निघाल्या आहेत. २०२३ सालीं प्रज्ञा प्रसून या बाईंचें बँकेंत खातें उघडावयाचें होतें. अॅसिडच्या हल्ल्यांत त्यांचा चेहरा व डोळे भाजलेले होते. समोरचा माणूस जिवंत आहे कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं तेथील पद्धतींत डोळ्यांची उघडझाप करून दाखवावी लागे. तें त्यांना शक्य नव्हतें, आणि पापणी हालत नाहीं म्हणून खातें अडलें! त्यांनीं तें प्रकरण तेथेंच सोडलें नाहीं. त्या सर्वोच्च न्यायालयांत गेल्या. ३० एप्रिल २०२५ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं, संगणक व फोन यांच्या द्वारें मिळणाऱ्या सेवा सर्वांना वापरतां येणें हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. आणि सरकारला व संबंधित संस्थांना २० निर्देश दिले. त्यांत उघडझापेवांचून ओळख पटविण्याच्या दुसऱ्या रीति असल्या पाहिजेत, असेंही सांगितलें. हा निकाल वरवर पाहतां यंत्रांविषयीं आहे. पण आज खात्यावांचून ना कर्ज मिळतें, ना गिऱ्हाइकाचा पैसा घेतां येतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे एका पापणीवर किती जणींचा धंदा अडून राहिला असता तें कळतें.

कर्जाच्या सोयी आहेत. त्यांची यादी वाचून मी आपला वेळ घेणार नाहीं. अपंगांना सवलतीच्या व्याजानें कर्ज देण्यासाठीं केंद्र सरकारचें महामंडळ १९९७ पासून आहे, आणि महाराष्ट्रांत त्याचें काम राज्याच्या महामंडळामार्फत चालतें. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेंत तारण मागितलें जात नाहीं. २०१६ च्या कायद्याचें ३७ वें कलम सांगतें कीं, दारिद्र्यनिवारणाच्या व विकासाच्या योजनांत शेंकडा ५ हिस्सा ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठीं राखावा आणि त्यांतही स्त्रियांना अग्रक्रम द्यावा. उद्योगधंद्यासाठीं सवलतीच्या दरानें जमीन द्यावयाची असेल तेथेंही शेंकडा ५ राखावे. यासाठीं अपंगत्व शेंकडा ४० किंवा त्याहून अधिक असल्याचें प्रमाणपत्र लागतें. तें काढण्याचा कंटाळा करूं नये. 'मुलीच्या कपाळावर शिक्का नको, लग्न जमणार नाहीं' म्हणून प्रमाणपत्रच न काढणारीं घरें आहेत. लग्न जमो वा न जमो. त्या कागदावांचून या साऱ्या तरतुदी तिच्यापुरत्या नाहींतशाच होतात.

या सवलतींची एक काळी बाजूही आहे, आणि ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. गाळा अपंग बहिणीच्या नांवानें मिळवावयाचा, कर्ज तिच्या नांवानें काढावयाचें, आणि धंदा दुसऱ्यानें करावयाचा. ती सहीपुरती मालकीण. हप्ते थकले कीं नोटीस मात्र तिला येते. पुढें तिनें खरोखरच स्वतःचें कांहीं करावयाचें मनांत आणलें तर बँक तिचें नांव थकबाकीदारांच्या यादींत दाखविते. अपंगांसाठीं असलेला लाभ लबाडीनें घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अगर दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्याच्या ९१ व्या कलमांत आहे. घरांतल्या घरांत चाललेली ही गोष्ट गुन्हा ठरूं शकते, हें पुष्कळांच्या स्वप्नींही नसतें.

आणखी एक गोष्ट सार्वजनिक टेलिफोनच्या गाळ्यांनीं आपल्याला शिकविली. ते गाळे देतांना अपंगांना अग्रक्रम मिळे. एका खुर्चीवर बसून करण्याचें काम, म्हणून तें सर्वांना सोयीचें वाटलें. घराघरांत मोबाइल आला आणि ते गाळे ओस पडले. ज्यांना केवळ गाळा दिला होता त्यांच्या हातीं रिकामी पेटी राहिली. ज्यांना हिशेब, खरेदी, गिऱ्हाईक सांभाळणें ठाऊक होतें त्यांनीं त्याच जागेंत दुसरें कांहीं मांडलें.

याच्या उलट उदाहरण पाहावयाचें असेल तर कोंकणांत कुडाळजवळ जावें. नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास कमरेखालीं पक्षाघात झाला. त्यांनीं सरकारी नोकरी केली, आणि १९८४ सालीं कोल्हापुरांत 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था काढली. 'चाकाची खुर्ची' हें त्यांचें आत्मकथन आपल्यापैकीं अनेकांनीं वाचलें असेल. याच संस्थेनें सिंधुदुर्गांत मोरे या गांवीं 'स्वप्ननगरी' वसविली, आणि तेथें अपंगांच्या हातून काजूवर प्रक्रिया करण्याचा उद्योग सुरू केला.

काजूच कां, याचा विचार करण्यासारखा आहे. कोंकणांत बी जवळच मिळतें. दुरून आणावें लागत नाहीं. माल टिकतो. कामाचे टप्पे पडतात: बी वाफवणें, टरफल फोडणें, गर सुकविणें, तांबूस साल काढणें, आणि मग आकाराप्रमाणें निवडणें. टरफलांतल्या तेलानें कातडी भाजते, म्हणून फोडणारीनें हाताला राख किंवा एरंडेल लावावें लागतें. ज्या बाईच्या हातांना स्पर्श कळत नाहीं तिला तें काम देतां कामा नये. फोडण्याचें यंत्र बहुधा पायानें दाबण्याचें असतें. पाय अधू असलेल्या बाईला तें चालत नाहीं, तिनें साल काढावी, प्रत निवडावी. निवडणें हें या धंद्यांतलें कसबाचें काम. बाजारांत ज्याला '३२०' म्हणतात त्या प्रतींत एका पौंडांत ३०० ते ३२० अखंड गर बसतात. '२४०' त्याहून मोठे आणि महाग. अखंड गर आणि तुकडा यांच्या भावांत बरेंच अंतर असतें, म्हणून हलक्या हाताला किंमत आहे. हें सारें बसून, आपल्या बेतानें, टेबलाशीं करतां येतें. असा टप्प्याटप्प्यांचा उद्योग असला म्हणजे प्रत्येकीच्या शरीराला जुळणारा टप्पा सांपडतो, आणि एकीच्या कामावर दुसरीचें काम उभें राहातें. कोणत्याही गांवांत नवा उद्योग काढतांना 'अपंगांना काय जमेल?' असा मोघम प्रश्न न विचारतां कामाचे असे तुकडे पाडून पाहावे.

आतां थोडा हिशेब. घरगुती धंद्यांत बाई कोठें बुडते, हें त्यावांचून कळणार नाहीं. समजा, चालतांना कुबड्या घेणारी एक बाई थालीपिठाची दहा किलो भाजणी करून विकते. धान्य आणि मसाला ९०० रुपये, भाजणें-दळणें १५०, पिशव्या १००. एकूण ११५० रुपये. ती दर लावते किलोला १५० रुपये. आले १५००, म्हणजे ३५० रुपये नफा झाला, असें तिला वाटतें. परंतु दाणेबाजारांत जाण्यास तिला बस चालत नाहीं. रिक्षा आणि पोतें उचलण्यास एक माणूस मिळून २५० रुपये गेले. उरले १०० रुपये, आणि तिचे दोन दिवस मोडले. दोन दिवसांची मजुरी तिनें धरलीच नाहीं, कारण घरांतल्या बाईची मजुरी धरावयाची असते हें तिला कोणीं सांगितलेलेंच नाहीं. ती दिवसाला ५०० रुपये धरली तर खरी किंमत किलोला २४० रुपये होते. तेवढा दर बाजार देईलच असें नाहीं. मग खर्च वांटून घ्यावा लागतो: चार जणींनीं मिळून एकच खेप आणावी, घाऊक भाव घ्यावा, दळणवाल्यालाच घरपोंच द्यावयास सांगावें. बचत गटाचा खरा उपयोग येथें आहे. धडधाकट बाईला जो खर्च पडत नाहीं तो अपंग बाईला पडतो, ही गोष्ट कर्ज देणाऱ्या बँकेनेंही अर्ज तपासतांना ध्यानांत घेतली पाहिजे. नाहीं तर पहिल्याच वर्षीं धंदा तोट्यांत जातो आणि दोष तिच्या अंगीं लागतो.

गिऱ्हाईक म्हणून आपलें काम याच हिशेबांत येतें. दिवाळीच्या प्रदर्शनांत दयेनें घेतलेला एक पुडा धंदा चालवीत नाहीं. मार्गशीर्षांत आपणहून केलेली दुसरी मागणी चालविते. भाजणी खवट निघाली तर तसें तिला स्पष्ट सांगावें. दुसऱ्या दुकानदाराला आपण सांगतोंच कीं नाहीं?

धंदा करणारी स्त्री घराबाहेर पडणारच. जीजा घोष या मेंदूच्या पक्षाघातानें अपंग असलेल्या बाई २०१२ च्या फेब्रुवारींत कलकत्त्याहून गोव्यास एका परिषदेसाठीं निघाल्या होत्या. विमानांत बसल्यावर त्यांना खालीं उतरविण्यांत आलें. त्यांनीं दाद मागितली, आणि २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें विमानकंपनीला दहा लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. विमानाची गोष्ट मोठी. पण बाजारांत गाळा मिळाला आणि तेथील शौचालयाला तीन पायऱ्या असल्या, तर दिवसभर पाणी न पितां दुकान चालविण्याची पाळी येते, तीही हक्काचीच गोष्ट आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें शहरांत ज्या समित्या नेमावयाच्या, त्यांत विक्रेत्यांच्या प्रतिनिधींपैकीं एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि अपंगांनाही योग्य प्रतिनिधित्व मिळावें, असें म्हटलें आहे. आपल्या शहरांतल्या समितींत अशी कोणी बाई बसली आहे काय, हें नगरपालिकेंत विचारण्यास हरकत नाहीं.

दाद मागावयाची कोठें? २०१६ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक राज्यांत आयुक्त असतो, आणि महाराष्ट्रांतील कार्यालय पुण्यास आहे. चौकशीच्या कामीं साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागविण्याचे असे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्याला आहेत. वकील परवडत नाहीं म्हणून कोणी थांबूं नये. १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमानें फुकट कायदेशीर मदत ज्यांना मिळते, त्यांत स्त्रिया आहेत आणि अपंगही आहेत, आणि या दोघांनाही उत्पन्नाची अट नाहीं. म्हणजे अपंग स्त्रीला ती दोन वाटांनीं मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारांत या प्राधिकरणाची कचेरी असते. जिला लिहितां येत नाहीं तिनें तेथें तोंडी सांगितलें तरी चालतें. तिचें म्हणणें लिहून घेऊन त्यावर तिचा अंगठा घ्यावयाचा, आणि तोच तिचा अर्ज समजावयाचा, असा नियम आहे.